आठव्या अंकातली किनार

माझी माणसं चौकोनी दिसतात, ही तक्रार पहिल्यापासून आहे. नाक पायरीपायरीनं खाली येतं, खांदे काटकोनात वळतात, आणि गोल डोकं काढायला घेतलं की त्याचा डबा होतो. पुढे पुण्या-मुंबईकडच्या एकदोन जाणकारांनी याला शैली म्हटलं. शैली कसली डोंबलाची. मी विणकरांच्या सोसायटीत नक्शे काढायच्या कामावर होतो. दिवसभर ग्राफच्या कागदावर साड्यांच्या किनारी काढायच्या. एक चौकोन म्हणजे एक दोरा, आणि अर्धा दोरा जगात नसतो. असा हात घेऊन घरी आल्यावर माणूस काढायला बसलं तर तो चौकोनीच निघणार.

घर नागपूरच्या पूर्वेला, कोष्ट्यांच्या गल्लीत. आमच्या घरचा माग वडिलांच्या मागे बंद पडला होता. घरात आई आणि मी. आईचे दोन्ही अंगठे सुताच्या कांड्या भरून भरून चपटे झाले होते, आणि माग गेल्यावरही तिची बोटं रिकामी बसली की एकमेकांवर फिरत राहायची.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी मी चित्रांच्या चोपड्या काढायला लागलो. चित्रकथा म्हटलं की तेव्हा राजे, राक्षस आणि तोंडाला फडकं बांधलेले वीर. माझ्याकडे यातलं कोणी नव्हतं. पहिल्या अंकात गल्लीच्या नळाला पाणी येतं आणि जातं. दुसऱ्यात गोळीबार चौकातला एक रिक्षावाला रिक्षाच्या सावलीत बसून भाकर खातो आणि ती खाऊन होईपर्यंत तीन गिऱ्हाइकं परत पाठवतो. आमच्या सलूनवाल्यानं पहिला अंक पालथा-सुलटा करून पाहिला.

‘याच्यात मारामारी कोठी हाये गा?’

‘नाही.’

‘मंग काहून काढलं?’

तरी त्यानं अंक ठेवून घेतला. वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीतरी हातात लागतं, एवढाच त्याचा हिशेब.

छपाई सायक्लोस्टाइलवर. माझा एक मित्र सीताबर्डीजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी तिथलं यंत्र मोकळं असायचं आणि मित्रही मोकळाच असायचा. मेणाचा स्टेन्सिल कागद काचेवर पसरायचा, खाली ग्राफ ठेवायचा, आणि लोखंडी टोकाच्या लेखणीनं कोरायचं. रेघ हलकी पडली तर छापत नाही, जोरात पडली तर कागद फाटतो आणि तिथून शाई गळते. चुकलं तर लावायला लाल रंगाचं एक औषध मिळायचं, त्याला नेलपॉलिशचा वास होता. ते लावायचं, वाळू द्यायचं, मग त्याच जागी पुन्हा कोरायचं. माझी बाटली भरलेलीच राहायची. किनारी काढणाऱ्याला खोडायची सवय नसते, कारण तिथं एक चौकोन चुकला की साडीभर चुकतो.

शंभरेक प्रती बऱ्या निघायच्या, मग रेघा सुजायला लागत. आम्ही दोघं त्या दुमडून मधोमध पिना मारायचो. काही प्रती बर्डीवरच्या पुस्तकवाल्याकडे जात. तो त्या इतर मासिकांच्या खाली ठेवी आणि पुढल्या महिन्यात तशाच्या तशा परत देई. काही टपालानं पुण्याला, इंदूरला, माझ्यासारख्याच चार उचापती लोकांना जायच्या. सातआठ गल्लीत राहायच्या. नाव असं चोपडीला नव्हतंच. अंक पहिला, अंक दुसरा, एवढंच. गल्लीतले लोक ‘चित्रवाली चोपडी’ म्हणायचे, आणि माझ्यावर हसायचे, पण नवा अंक आला की पानठेल्यावर मागूनही घ्यायचे.

आमच्या भिंतीला भिंत लागून दादांचं घर होतं. नात्यानं ते आमचे कोणी नव्हते, पण सगळी गल्ली त्यांना दादा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी. घरात एक लहान मुलगी. दादा आमच्या भागातले सगळ्यात चांगले विणकर, हे त्यांचे हेवेदारही मान्य करायचे. करवतीच्या दातांची किनार नागपुरात पुष्कळ जण विणत. दादांच्या दातांमध्ये एक पिवळा दाणा यायचा आणि तो दाणा आमच्याकडे दुसरं कोणी लावत नसे. त्यासाठी कायदा नव्हता. ज्याची किनार त्याची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. दादांनी तिचा नक्शा कधी कागदावर उतरवला नाही. मागाच्या माथ्यावर डाबी असते, म्हणजे खुंट्या ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांची माळ, तिच्या हुकमानं दोरे उचलले जातात. त्या पट्ट्यांवरच ती किनार होती, आणि दादांच्या डोक्यात.

मग यंत्रमागाच्या साड्या आल्या. लांबून तशाच दिसणाऱ्या, स्वस्त. इतवारीतल्या व्यापाऱ्यानं दादांना आधी कमी सूत दिलं, मग थोडं थांबा म्हणाला, आणि मग भेटेनासा झाला. गल्लीतले निम्मे लोक यंत्रमागाच्या शेडवर कामाला गेले. दादा गेले नाहीत. ‘तेथी मशीन विणते अन् माणूस पाहत राह्यते,’ ते म्हणायचे. ‘मी पाहाले नाई जाणार.’ ते घरी बसून मागाला तेलपाणी करत आणि सूत आलं की सुरू करू म्हणत.

त्या सुमाराला वहिनी सकाळच्या बाहेर जायला लागल्या. धरमपेठेत शिवणाचा वर्ग आहे, तिथं शिकवायला ठेवलं आहे, असं त्यांनी घरी आणि दारी सांगितलं. हातात कापडी पिशवी, पिशवीतून कात्रीची मूठ आणि टेपचं टोक बाहेर डोकावत असायचं. दादांना याचा मोठा आनंद होता. सलूनमध्ये बसून ते सांगायचे, ‘आमच्या घरी आता मास्तरीण हाये.’ लोकही मान डोलवायचे. आमच्या गल्लीत बाईनं मागावर बसावं, कांड्या भराव्या, शिकवावं, यात कमीपणा नव्हता. पण कोष्ट्याच्या बाईनं दुसऱ्याच्या घरची खरकटी भांडी घासली तर ती त्या नवऱ्याची नाचक्की समजत. हे चांगलं होतं असं मी म्हणत नाही. होतं ते असं होतं.

एकदा मी एका चित्रकलेच्या मास्तरांना अंक द्यायला सायकलनं धरमपेठेत गेलो होतो. तिथल्या एका बंगल्याच्या मागच्या गल्लीतून जाताना वहिनी दिसल्या. नळाखाली भांड्यांचा ढीग, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हाताला राख. कात्री-टेपची पिशवी पेरूच्या फांदीला अडकवलेली होती. मी सायकलवरून उतरलो नाही. एक पाय टेकवून दोनेक मिनिटं पाहिलं आणि निघालो. त्यांनी मला पाहिलं नाही.

कोणालाही सांगायचं नाही, हे मी चौकात येईपर्यंत ठरवलं होतं. दादांना कळलं तर काय होईल हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सूत बंद झालं, व्यापारी गेला, आणि त्या माणसाजवळ आता मास्तरीण बायको एवढी एकच गोष्ट राहिली होती. पण त्याच रस्त्यानं येताना, शंकरनगरच्या आसपास, मला ती पिशवीही दिसायला लागली होती. पहिल्या चौकटीत बाई घरून निघते, पिशवीतून कात्री डोकावते. शेवटच्या चौकटीत फांदीला पिशवी, आणि कात्री तशीच्या तशी. मधे एक शब्द नको. मला ती गोष्ट फार आवडली, हे कबूल केलं पाहिजे. तोवरच्या सात अंकांत मला एवढी चांगली गोष्ट सापडली नव्हती, आणि ती सोडून द्यायची माझी तयारी नव्हती.

मी खबरदारी घेतली. बाईला चेहरा दिलाच नाही. प्रत्येक चौकटीत ती पाठमोरी किंवा वाकलेली. एका मुलीच्या ऐवजी दोन मुलं केली. नवऱ्याला काम नसलेला बँडवाला केलं आणि त्याच्या गळ्यात ताशा अडकवला. बंगल्याला नसलेली ताडाची झाडं लावली. आपण सभ्य माणूस आहोत अशी माझी खात्री झाली, आणि मग मी निवांतपणे कामाला लागलो. चोवीस चौकटी होत्या. चोवीसही चौकटींत ती साडी येते, कुठं खोचलेली, कुठं ओली, कुठं खांद्यावरून सुटलेली. भिंग घेऊन बसलो. करंगळीएवढ्या बाईच्या साडीला मी किनारीचे दात मोजून काढले आणि दातांमध्ये दाणा बसवला. स्टेन्सिलवर एवढं बारीक काम करायला कोणी धजत नाही. मित्रानं पहिली प्रत यंत्रातून काढली आणि शीळ घातली. मला अभिमान वाटला.

अंक आठवा असा निघाला. शनिवारी मी गल्लीतल्या सहा प्रती वाटल्या, सातवी घरी राहिली.

रविवारी सकाळी आई शेगडी पेटवत होती. घरोघरी मटणाच्या मसाल्याचा वास सुटला होता. कोळसा ओला होता म्हणून वारा घालायला तिनं हाताला लागलेली माझी चोपडी उचलली. आईला वाचता येत नसे, आणि माझ्या चोपड्या तिनं कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. पोरगं कामावरून येतं आणि पुन्हा कागदच घेऊन बसतं, याचा तिला राग होता. वारा घालता घालता तिचा हात थांबला.

‘अवं माय,’ ती म्हणाली. ‘हे बाजूची वहिनी भांडे काहून घासून राहिली?’

‘कोण वहिनी? ते चित्र हाये,’ मी म्हणालो. ‘तिले चेहरा तरी हाये का?’

‘चेहरा कोण पाह्यते? किनार तं त्याईचीच हाये.’

मी चोपडी तिच्या हातातून घेतली. चोवीस चौकटी, आणि प्रत्येकीत दादांची किनार, मोजून मापून. आमच्या गल्लीत बायका आपल्याच घरच्या मागावरच्या साड्या नेसायच्या. रस्त्यानं कोणी बाई डोक्यावर पदर घेऊन चालली असली तरी ओट्यावरचा माणूस किनार पाहून ती कोणाच्या घरची हे सांगायचा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझं पोटच किनारींवर चालत होतं. आणि तरी चेहरा झाकला, ताडाची झाडं लावली, म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. दुसरी कुठली तरी, कोणाच्याच घरची नसलेली किनार काढावी, हे मला सुचलंच नाही. पाहिलेली किनार बदलून काढायची सवयच नव्हती हाताला.

मी चपला न घालता निघालो. चहाच्या टपरीवरची प्रत मिळाली. पानठेलेवाल्यानं चुन्याच्या डब्याखालून काढून दिली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘घेऊन जा गा.’ त्याला कळलं होतं. दोन प्रती दोस्तांच्या घरून आणल्या. एक किराणावाल्यानं पुड्या बांधायला फाडली होती, तिचे तुकडे घेतले. आईच्या हातातली सहावी. राहिली सलूनमधली.

रविवार म्हणून सलूनमध्ये गर्दी होती. खुर्चीवर दादा बसले होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण. छातीवर पसरलेल्या चादरीवर माझी चोपडी उघडी होती. सलूनवाला वस्तरा हवेत धरून उभा होता.

‘दादा, तोंड वर करा नं,’ तो म्हणत होता.

दादांनी चोपडी मिटली, तोंड वर केलं, दुसरा गाल करवून घेतला. पैसे दिले. बाकावर बसलेल्या चौघांपैकी एवढ्या वेळात कोणी विडीसुद्धा पेटवली नाही. दादा बाहेर आले आणि मला म्हणाले, ‘चाल.’ आम्ही लिंबाच्या झाडापर्यंत गेलो.

‘हे तू पाहून काढलं का मनानं?’

‘मनानं, दादा.’

त्यांनी एक पान उघडलं, किनारीवर अंगठ्याचं नख ठेवलं आणि ते दातादातावरून सरकवत नेलं. नख शेवटच्या दातापर्यंत गेलं.

‘मनानं काढलं असतं तं चुकलं असतं, गा,’ ते म्हणाले. ‘तुह्या हातानं किनार नाई चुकत, पण मनानं काढली तं चुकतेच.’

आवाज चढलेला नव्हता. सोसायटीत एखाद्याच्या नक्श्यावर बोलावं तसं ते बोलत होते. मग त्यांनी चोपडी माझ्या हातात दिली आणि घरी गेले.

तो आठवडाभर मी भिंतीला कान लावून होतो. भांडणाचा आवाज आला असता तर मला बरं वाटलं असतं. आला नाही. सोमवारी सकाळी वहिनी बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या अंगावर गिरणीची छापील साडी होती, मोठमोठ्या जांभळ्या फुलांची. हातात पिशवी नव्हती. त्या गल्लीच्या मधून चालत बसथांब्याकडे गेल्या आणि ओट्यावरच्या सगळ्यांनी ती साडी पाहिली. त्यानंतर मी त्यांना किनारीच्या साडीत कधी पाहिलं नाही. आईकडून कळलं, की दादांनी विणलेल्या सगळ्या साड्या गाठोडं बांधून त्यांनी नरखेडकडच्या आपल्या बहिणीला देऊन टाकल्या. तिथं त्या संत्र्याच्या तोडणीला, कापूस वेचायला नेसल्या गेल्या असतील आणि दोनचार वर्षांत फाटल्या असतील.

दादा महिन्याभरात यंत्रमागाच्या शेडवर जायला लागले. सकाळी डबा घेऊन निघत, संध्याकाळी यंत्रांच्या खडखडाटासाठी कानात घातलेला कापूस तसाच ठेवून परत येत. माग कोणी विकत घेईना म्हणून त्याचं लाकूड सुटं सुटं केलं. डाबीच्या पट्ट्या चुलीत गेल्या. मी समोर आलो तर दादा ‘काय गा’ म्हणत, पहिल्यासारखंच. वहिनी आईशी बोलत, माझ्याशी नाही. मी माफी मागायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा दादांची मुलगी ओट्यावर खेळत होती म्हणून परतलो. खरं म्हणजे ती ओट्यावर नसती तरी परतलोच असतो. मी भित्रा होतो.

आठव्या अंकाच्या उरलेल्या सगळ्या प्रती, पुस्तकवाल्याकडच्या धरून, आणि स्टेन्सिल मी आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत घातले. मेणामुळे स्टेन्सिल छान पेटले. टपालानं गेलेल्या चार प्रतींसाठी पत्रं लिहिली, ‘अंकात चूक आहे, नष्ट करा.’ चौघेही सज्जन होते, त्यांनी तसं केल्याचं कळवलं.

नंतर अंक निघत राहिले, पण माझ्या बायकांच्या साड्या कोऱ्या झाल्या. नुसती बाह्यरेषा, आत पांढरा कागद. सोसायटीतलं कामही मी बदलून घेतलं आणि सुताच्या कोठारात बसायला लागलो. याचं फळ विचित्र मिळालं. त्या कोऱ्या साड्यांमुळे मला बाहेर थोडं नाव मिळालं. ऐंशीच्या सुमाराला पुण्याहून एकानं लांबलचक पत्र लिहून रिकाम्या जागेच्या धाडसी वापराबद्दल माझं कौतुक केलं. मला पर्यायी चित्रकथाकार का कायसं म्हणायला लागले. एका छोट्या प्रदर्शनात एका मुलीनं विचारलं, की बायकांच्या अंगावरचा हा पांढरा रंग म्हणजे त्यांचं अदृश्य असणं का? मी हो म्हणालो. तिनं ते लिहून घेतलं.

दादा छातीच्या दुखण्यानं गेले. त्यानंतर दोनेक वर्षांनी एका दुपारी वहिनी आमच्या दारात आल्या. आई तेव्हा उमरेडला दिलेल्या माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी गेली होती. मी एकटा होतो. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

‘भाऊजी, ते चोपडी हाये का तुमच्याजवळ?’

कुठली, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. जाळली, असं सांगितलं. त्या खाली बसल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. उमरेडला एक म्हातारा विणकर अजून हातमागावर बसतो, त्याच्याकडून मुलीसाठी एक साडी विणून घ्यायची, बापाच्या किनारीची. तो म्हणाला होता, नक्शा आणून द्या. नरखेडच्या बहिणीकडे चिंधीसुद्धा उरली नव्हती. इतवारीतल्या दुकानात विचारून झालं होतं. त्यांचा भाचा चारच्या एसटीनं उमरेडला जायचा होता.

‘तवा लय राग होता तुमचा,’ वहिनी म्हणाल्या. ‘कामाची लाज नोती मले. मले वाटलं, अंगावर ते किनार राह्यली तं लोक त्याईलेच नावं ठेवतीन. म्हणून देऊन टाकल्या साड्या. आता पोरीले द्याले काईच नाई त्याईचं.’

मी ग्राफचा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि बसलो.

पहिले दात भराभर आले. मग हात थांबला. दोन मोठ्या दातांमधले लहान दात तीन होते का चार? पिवळा दाणा मोठ्या दाताच्या पोटात होता का पायाशी? मी डोळे मिटून ती पानं आठवायचा प्रयत्न केला. मला फांदीवरची पिशवी दिसली, नळ दिसला, चादरीवर उघडी पडलेली चोपडी दिसली. किनार दिसेना. इतकी वर्षं मी ती डोळ्यांसमोर येऊ दिली नव्हती, आणि आता हाक मारली तर ती येत नव्हती. वहिनी समोर बसून माझ्या हाताकडे पाहत होत्या. मला नक्की आठवत नाही, एवढं म्हणायचं होतं. ते मी म्हणालो नाही. चार दात काढले, दाणा पोटात घातला, आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. त्यांची नजर अधू झाली होती, चष्मा नव्हता.

‘बरोबर हाये नं?’ मी विचारलं.

‘मले काय इचारता?’ त्या म्हणाल्या. ‘तुमचा हात किनारीत चुकत नाई, असं ते शेवटपर्यंत म्हणत.’

कागदाची घडी करून त्यांनी कमरेला खोचली आणि एसटी गाठायला निघाल्या. पुढे महिनाभर वेळ हातात होता. उमरेडला जाऊन त्या म्हाताऱ्याला थांबवता आलं असतं, वहिनींना खरं सांगता आलं असतं. रोज सकाळी मी हे ठरवत होतो.

लग्न मे महिन्यात, गल्लीतच मांडव घालून झालं. मंगलाष्टकं झाल्यावर मुलगी ती साडी नेसून बाहेर आली. म्हाताऱ्यानं विणली सुंदर होती. बायका गोळा झाल्या, पदर हातात घेऊन पाहायला लागल्या, आणि वहिनी प्रत्येकीला सांगत होत्या, ‘तिच्या बाबाची किनार हाये.’ मी समोरच्या पंगतीत वरण वाढत होतो. आई पुढे झाली. तिनं पदराचा काठ चिमटीत धरला आणि चपटा अंगठा त्यावरून फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

‘कोणाची म्हणाली वं ही?’

‘तिच्या बाबाची, आत्या,’ वहिनी म्हणाल्या. ‘भाऊजींनी काढून देल्ली.’

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वरणाची बादली माझ्या हातात तशीच होती आणि पंगतीतला माणूस बस, बस म्हणत होता.

‘हो वं,’ आई म्हणाली. ‘त्याईचीच हाये.’

किनारीबद्दल आई खोटं बोललेली मी तेवढी एकदाच ऐकली.